वन्समोर ब्रदर

नाटकात वन्समोर प्रेक्षक देतात. आमच्या मंडळीत गाणारा तो स्वतःच घेतो. "सगळे मिळून, पुन्हा एकदा!" असं म्हणून तो डोळे मिटतो, उजवा हात वर नेतो आणि ध्रुवपद परत सुरू होतं. हे 'एकदा' म्हणजे नेमकं किती, ते छावणीतल्या एकाही ख्रिस्ती माणसाला अजून सांगता आलेलं नाही. म्हणून त्याचं नाव पडलं वन्समोर ब्रदर. हे नाव त्याच्याही कानावर गेलं आहे आणि ते कौतुकाने ठेवलं आहे, अशी त्याची समजूत आहे.

पूर्वी आमच्याकडे वर्शिप लीडर नावाचं पद नव्हतं. पाळकसाहेब गीताचा क्रमांक सांगत, लोक 'उपासना संगीत' उघडत, पेटीवाला पहिली ओळ वाजवून दाखवी आणि मंडळी आपापल्या चालीने शेवटच्या कडव्याकडे निघे. पुढच्या बाकांवरच्या बायका आधी पोहोचत, मागचे पुरुष जरा उशिरा. पण पोहोचत सगळे. मग माइक आला, कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आला, गाण्याच्या ओळी भिंतीवर दाखवणारा प्रोजेक्टर आला. एवढं सामान मांडल्यावर त्याच्यापुढे कोणीतरी उभं राहायला हवं, म्हणून हा आला. पेटीवाला अजून आहे. तो मीच.

वय पस्तिशीचं. भर मे महिन्यातही अंगात जाकीट. गिटारीच्या रेक्झीनच्या खोळीवर दावीद राजाचं चित्र असलेला स्टिकर. वाळूजला एका कारखान्यात तो सुटे भाग तपासायच्या खात्यात आहे. रात्रपाळी असली की रविवारी कंपनीच्या बसमधून नगर नाक्याला उतरतो आणि जाड बुटांसह थेट चर्चमध्ये येतो. अशा दिवशी त्याचे डोळे जास्तच मिटलेले असतात. ते भक्तीने मिटलेले की झोपेने, यावर महिला मंडळात दोन पक्ष आहेत. डोळे मिटून गाणाऱ्याला मंडळी खाली बसलेली दिसत नाही, ही खरी अडचण. आम्ही उभे राहतो, थकतो, एकेक करून बसतो, परत लाजून उठतो आणि पुन्हा बसतो. तो आपला तिकडे वर, ढगात.

माझी तक्रार मात्र पायांची नाही, पट्टीची आहे. प्रत्येक वन्समोरला तो अर्धा सूर वर चढतो. त्याच्या कीबोर्डवाल्याला त्याचं काहीच नाही. तो एक बटण दाबतो, की बोटं तिथेच आणि सूर वर. माझ्या पेटीला असलं बटण नाही. काळी एकला सुरू झालेलं गाणं पांढरी दोन, काळी दोन, पांढरी तीन करत पांढरी चारला जातं, तोवर पुरुषांनी वरचा षड्ज सोडून दिलेला असतो, बायका एक सप्तक खाली आलेल्या असतात, आणि मी भाता तेवढा हलवत ठेवतो. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, काय तल्लीन झालेत अंकल!

साउंड सिस्टिम भाड्याची आहे. ती लावणारे चाचा जुन्या शहरातले. बरसोंपासून लग्नं, उरूस, सभा, नाताळ सगळं तेच करतात. ब्रदर त्यांना दर रविवारी आवाजात आणखी 'गहराई' मागतो. एकदा चाचा बटणावर हात ठेवून म्हणाले, "भाई, और कित्ता डालूं? वेरूल की गुफा तो कब की हो गई." ब्रदर खूश झाला. कैलास लेण्यात उभं राहून स्तुतिगीत गावं, हे त्याचं जुनं स्वप्न आहे. परवानगी मिळत नाही म्हणून राहिलंय.

दोन गाण्यांच्या मध्ये तो बोलतो. "आमेन म्हणा! आवाज नाही आला. वाळूजपर्यंत गेला पाहिजे!" हे एक. दुसरं त्याहून धोक्याचं : "शेजाऱ्याकडे वळा आणि त्याला सांगा." काय सांगायचं ते आठवड्यागणिक बदलतं. कधी 'प्रभू तुझ्यावर प्रीती करतो', कधी 'आजचा दिवस तुझा आहे'. एका रविवारी त्याने सांगायला लावलं, 'मी तुला क्षमा केली आहे'. त्या दिवशी कमिटीच्या निवडणुकीपासून बोलणं सोडलेले दोन वडीलधारे, पंखा एकाच बाकावर चालू असल्यामुळे, शेजारी शेजारी बसले होते. पहिल्याने खालमानेने वाक्य म्हटलं. दुसऱ्याने विचारलं, "कशाबद्दल?" उपासना संपल्यावर पटांगणात त्या दोघांचं भांडण पुन्हा पहिल्यापासून झालं. ब्रदरचं म्हणणं, निदान बोलायला तरी लागले.

पाळकसाहेब सौम्य माणूस. त्यांनी पुष्कळ दिवस सोसलं आणि मग त्याला ऑफिसात बोलावलं. हिशेबाची वही द्यायच्या निमित्ताने मीही तिथे होतो.

"ब्रदर, स्तोत्र ११७ वाचलंस? दोन वचनांचं आहे. संपूर्ण स्तुती दोन वचनांत."

"हो साहेब. पण १३६ बघा. २६ वचनं, आणि २६ वेळा शेवट तोच. आपण तर परवा अकराच वेळा म्हटलं."

"शेवटच्या भोजनानंतर प्रभू आणि शिष्य गीत गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे निघाले. एक गीत."

"पण ते किती वेळ गायले, हे मत्तयाने लिहिलेलं नाही साहेब."

पाळकसाहेब गप्प. तेवढ्यात ब्रदरने डाव टाकला. "आणि प्रेषितांची कृत्ये, अध्याय २० मध्ये युतुख नावाचा तरुण आहे. पौलाचं भाषण लांबलं, म्हणून तो खिडकीत बसल्या बसल्या झोपला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. प्रवचन लांबल्याने माणूस पडल्याची नोंद आहे साहेब. गाणं लांबल्याने कोणी पडल्याची नाही."

"यरीहोची भिंत पडली," पाळकसाहेब शांतपणे म्हणाले. "सातव्या दिवशी सात फेऱ्या आणि कर्ण्यांचा आवाज. आपली मागची भिंत आधीच ओली आहे, ब्रदर."

मला वाटलं, संपलं. पुढच्या रविवारी त्याने यरीहोवर नवा कोरस आणला. सात वेळा.

असा हा माणूस आठवड्याचे उरलेले सहा दिवस काय करतो, हे सगळ्या मंडळीला तपशीलवार ठाऊक असतं, कारण रोज पहाटे पाचला व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचं 'आजचं चिंतन' येतं. रात्रभर गेज लावून लोखंड मोजल्यामुळे चिंतनात कारखाना फार. 'प्रियांनो, आपला आत्मा टॉलरन्समध्ये आहे का?' असं एकदा आलं. आमच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी खाली विचारलं, 'टॉलरन्स म्हणजे सहनशीलता ना? तुमची गाणी ऐकतो म्हणजे असणारच.' पण एक चिंतन खरंच चांगलं होतं. देव माल भंगारात टाकत नाही, रीवर्कला पाठवतो, असं काहीसं. मी त्याला तसं सांगितलं, आणि तिथेच चुकलं. पुढचा पंधरवडा रीवर्कच चालू होतं.

पाण्याचं चिंतन तर गाजलं. जायकवाडीचं धरण भरलेलं असलं तरी आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल, हे भाकीत करणं संदेष्ट्यांच्याही आवाक्यातलं नाही. ब्रदरने लिहिलं : नळाला आधी हवा येते, मग खडखडाट, मग गढूळ, आणि मग स्वच्छ पाणी, जो पहिल्या खडखडाटालाच वैतागून तोटी बंद करतो, तो कोरडाच राहतो, आत्म्याचंही तसंच. त्याखाली भराभर 'आमेन' पडले. मग एका भगिनीने विचारलं, 'एन-सातला आलं का?' झालं. दुपारपर्यंत भावसिंगपुऱ्यापासून मुकुंदवाडीपर्यंत कुठे आलं, कुठे नाही, टँकर कितीला पडला, याचीच चर्चा. आत्म्याचा विषय त्या दिवशी परत निघाला नाही.

त्याची बायको शाळेत मराठी शिकवते. कमी बोलते आणि मोजकं बोलते. तो संध्याकाळी गच्चीवर सराव करतो, तेव्हा खाली ड्रम भरायचं काम तिच्याकडे असतं. एकदा तिने हाक मारली, तेव्हा हा वरून म्हणाला, दावीद राजा कराराच्या कोशापुढे नाचत होता, तेव्हा त्याची बायको मीखल अशीच खिडकीतून बघत होती, आणि तिने त्याला तुच्छ मानलं. बायको म्हणाली, "मीखलला खिडकीत उभं राहायला वेळ होता. तू खाली ये." शेजाऱ्यांच्या बाबतीतही वचनं त्याच्या फारशी उपयोगी पडत नाहीत. रात्री साडेअकराला आवाज ऐकून शेजारचे काका बाहेर आले, तेव्हा त्याने पौल आणि सीला यांचा दाखला दिला. तेही मध्यरात्रीच गात होते. काका हिंदू असूनही त्यांना गोष्ट माहीत होती. मिशनच्या शाळेत शिकलेले. म्हणाले, "हो, पण तुरुंगात. तुला हर्सूल लांब नाही."

आता तुम्ही म्हणाल, एवढं आहे तर याला बदलत का नाही? एकदा कमिटीत विषय निघाला होता. पण गिटारीच्या तारा तो स्वतःच्या पैशाने आणतो, कीबोर्डचा हप्ता निम्मा स्वतःच्या पगारातून भरतो, पावसाळ्यात पडेगावच्या घरसभेला दुचाकीवर ढोलकवाल्याला मागे आणि ढोलक पुढे घेऊन जातो. मानधन विचारलं तर 'प्रभू देईल' म्हणतो. हे एक वाक्य ऐकलं की आमची कमिटी कोणत्याही पदावर कोणालाही तहहयात ठेवते.

आणि एकदा मीच त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, "अरे, गाणं संपवायचं केव्हा, हे कळत नाही का तुला?"

तो गिटार खोळीत घालत होता. म्हणाला, "कळतं ना अंकल. पण संपलं की लगेच सूचना वाचतात. मग घरी टँकर, हप्ते, पोराचं ट्यूशन, सोमवारी फर्स्ट शिफ्ट. आत्ता कुठे बरं वाटायला लागलेलं असतं. दहा मिनिटं अजून असू द्या."

मी विरघळलो. पुढच्या रविवारी त्याने दहाची पंचवीस केली.

गाण्याची पद्धत जुनी की नवी, यावरून मंडळीत जो वाद चालतो, त्यात मी फारसा पडत नाही. 'आपलं जुनं' म्हणून जे लोक डोळ्यांत पाणी आणतात, त्यातलं निम्मं इंग्रजी चालीवर बसवलेलं असतं. मिशनरी आले ते आपल्या चाली घेऊन, आणि त्या चालींत मराठी शब्द कोंबताना ऱ्हस्व-दीर्घांचे जे हाल झाले ते पेटीवाल्यालाच माहीत. आमची छावणी तर मुळातच सरमिसळीची. निजामाचा मुलूख, हैदराबाद कंटिंजंटची फौज, आणि एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीतर्फे इथे वर्षानुवर्षं शुभवर्तमान सांगणारे रतनजी नौरोजी जन्माने पारशी. अशा गावात गिटार परकी आहे म्हणून कोणी उठलं, की मला हसू येतं. आपली चाल शोधायची धडपड त्याहूनही जुनी. फादर स्टीफन्स इंग्लंडातून गोव्यात आला आणि १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं, ते ओवीत. पुढे नगरकडे कृष्णराव सांगळ्यांनी गीतं रचली, आणि मग ना. वा. टिळक आले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कोकणातला ब्राह्मण कवी, तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगायचा. त्याने अभंग आणि भजन थेट उपासनेत आणून बसवलं. आज त्याची गाणी 'परंपरा' आहेत.

हे सगळं सांगायचं कारण असं. आमच्या पुढच्या बाकावर एक आजी बसतात. दर रविवारी ब्रदरचं तिसरं गाणं झालं की त्या मोठ्याने म्हणतात, "एक टिळकांचं म्हणा." ब्रदर लहानपणापासून हिंदी कोरसांवर वाढलेला. त्याला वाटायचं, आजी सुवार्तेच्या आधी कपाळाला लावण्याबद्दल काहीतरी बोलतात, आणि ख्रिस्ती बाईने असं बोलावं याचं त्याला नवल वाटे. मग कधीतरी मोबाइलवर त्याला टिळकांचं एक भजन सापडलं. कोण कवी ते लिहिलेलं नव्हतं. त्याने त्याला गिटारीचे कॉर्ड लावले, ढोलकवर केरवा धरला आणि रविवारी जाहीर केलं, "आज एक अगदी नवीन कोरस शिकू या. मी एक ओळ म्हणतो, तुम्ही मागून म्हणा."

त्याने पहिली ओळ म्हटली. दुसरी म्हणायची त्याला गरजच पडली नाही. सत्तरीच्या पुढचे सगळे, भिंतीकडे न बघता, चारही कडवी घेऊन निघाले. आजी सर्वांत पुढे. पट्टी काळी एक, आणि ती शेवटपर्यंत काळी एकच राहिली, कारण ब्रदर वर चढला तरी त्याच्याबरोबर कोणी चढेना. त्या दिवशी त्याने डोळे उघडले. गाण्यात उघडलेले मी तरी पहिल्यांदाच पाहिले.

"अंकल, यांना हे कसं माहीत?"

मी सांगितलं कोणाचं आहे ते.

"त्यांचं चॅनेल आहे का?"

"१९१९ ला वारले रे."

घरी जाऊन त्याने बायकोला विचारलं, तर तिच्या कपाटात टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' होतं. लग्नाच्या आधीपासून. रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत त्याने ते वाचून काढलं आणि मग चिंतनांत गेजची जागा टिळकांनी घेतली : टिळक १९१७ साली मिशनची नोकरी सोडून संन्यासी झाले, 'देवाचा दरबार' काढला, 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. हे वाचून ब्रदर इतका भारावला, की त्यानेही नोकरी सोडावी का, असं घरात विचारून पाहिलं. बायको म्हणाली, "लक्ष्मीबाईंच्या घरात किती पैसे आहेत हे त्यांच्या नवऱ्याला कधी कळलं नाही. तेवढ्यापुरता तू टिळकच आहेस. आता कविता कर, मग बघू." त्या दिवसापासून तो कविता करतो. एक आमच्या नाताळच्या कार्यक्रमात गायली गेली. यमक 'प्रभू' आणि 'शुभू' असं होतं. शुभू म्हणजे त्याचा मुलगा.

डिसेंबरात त्याचा खरा हंगाम. कॅरल म्हणत घरोघर फिरायचं, त्यासाठी टेम्पो, टेम्पोत जनरेटर, जनरेटरवर ट्यूबलाइट आणि चांदणी. छावणीतून निघायचं, भावसिंगपुरा, पडेगाव, मग सिडको-हडको. यादी सकाळी दहापर्यंत पुरेल एवढी असते आणि मुलं कुडकुडत असतात. प्रत्येक घरी एक गाणं ठरलेलं. पण करंज्या आणि केकचं ताट बाहेर आलं, की याच्या तोंडून 'पुन्हा एकदा' निघतंच. ताट न आलेल्या घरी तो एकाच कडव्यात आटोपतो, हे मी तारखेनिशी सिद्ध करू शकेन. शेवटचं घर झालं की पोरं त्याला जुन्या शहरात नान-खलिया खायला ओढून नेतात. तिथे तो जेवणाआधी प्रार्थना करतो. एकदाच. रस्सा गार होऊ नये म्हणून.

मागच्या नाताळच्या उपासनेत ऐन गाण्यात लाईट गेली. माइक बंद, कीबोर्ड बंद, ऑक्टोपॅड बंद, भिंतीवरच्या ओळी गुल. राहिलो मी, माझी पेटी आणि ढोलक. तुम्हाला वाटेल, आता साध्या सुरात, मेणबत्तीच्या उजेडात खरी उपासना झाली असेल. तसं काही झालं नाही. माइक गेल्यामुळे आपला आवाज मागपर्यंत पोहोचत नसेल, या काळजीने तो दुप्पट जोरात गायला लागला, आणि लोक म्हणताहेत की नाही ते ऐकू न आल्याने वन्समोरही दुप्पट झाले. लाईट परत आली तेव्हा माझा भाता फाटलेला होता. तो त्याने स्वखर्चाने दुरुस्त करून आणला. सोबत एक पट्टी बदलणारी जुनी पेटी कुठे मिळते, त्याचीही चौकशी करून आला.

गायक म्हणून मी त्याला काठावर पास करीन. पट्टीचं सोडा, लयीत पक्का आहे आणि सम चुकत नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाकडून याहून जास्त मागणं मला जमत नाही. कमिटीने पुन्हा विषय काढला, तर माझं मत त्याच्या बाजूने पडेल. ते त्याला कळवू नका.

आमची उपासना दर रविवारी सकाळी साडेआठला असते आणि दार सगळ्यांना उघडं असतं. नुसतं प्रवचन ऐकायचं असेल, तर सव्वादहाला आलात तरी काही बुडणार नाही. गाणंही ऐकायचं असेल तर वेळेवर या, डावीकडच्या खांबामागे बसा, तिथे स्पीकर येत नाही, आणि तिसऱ्या 'पुन्हा एकदा'नंतर खुशाल खाली बसा. त्याला दिसणार नाही.